सक्तीची विश्रांती

सानिका मगदूमची प्रसूती ठरलेल्या तारखेच्या सव्वीस दिवस आधी झाली. रक्तदाब एकदम वाढला, आणखी थांबायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आणि २०४३ सालच्या मार्चमधल्या एका सोमवारी, सांगलीतल्या ज्या इस्पितळात ती नोकरी करत होती त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर तिला मुलगी झाली. खाली तळमजल्यावर तिच्या खोलीबाहेर त्या सकाळीही माणसं नंबर लावून बसली होती. सानिका स्पीच थेरपिस्ट होती. मेंदूच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा जाते त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवत असे.

त्या माणसांत भूपाल खोत होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. हळदीच्या बाजारात पस्तीस वर्षं त्यांनी सौदे, म्हणजे लिलाव, पुकारले होते. एकदा त्यांनी आवाज लावला की शेडच्या दुसऱ्या टोकाचा व्यापारी हातातला चहा तसाच ठेवून पुढं येई. जानेवारीत त्यांना झटका आला. उजवा हात थोडा अधू राहिला, पाय सुधारला, बुद्धी शाबूत होती. पण मेंदूच्या डाव्या भागातली बोलण्याची जागा दुखावली होती. समोरच्याचं सगळं कळायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असायचं, आणि तोंडातून यायचं फक्त 'त... त... त...'

सानिकानं त्यांच्यावर सहा आठवडे काम केलं. शब्द जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडं चालतं, पण बोलण्यातला हेल, चढउतार, सूर यांत उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. आण्णांची उजवी बाजू धडधाकट होती. सानिकानं त्यांच्या मुलीकडून जुन्या सौद्यांच्या चित्रफिती मागवून घेतल्या, पुकाऱ्याचा तो हेल स्वतः शिकली आणि त्या हेलात त्यांना एक शब्द दिला, पाणी. पाचव्या आठवड्यात आण्णांनी तिच्यासमोर पाणी मागितलं, भर सौद्यात उभं असल्यासारखं, खणखणीत. बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलीला, पल्लवीला, दाराआडून ते ऐकू गेलं आणि ती तिथंच रडायला लागली. पुढच्याच आठवड्यात सानिका रजेवर गेली.

तिची रजा नऊ महिन्यांची होती. झटका आल्यानंतर मेंदू नव्या वाटा पाडायला सगळ्यात जास्त राजी असतो तो पहिले सहा महिने. पुढं काहीच होत नाही असं नाही, पण त्या वेळी मुठीनं मिळणारं पुढं चिमटीनं मिळतं. आण्णांचे सहा महिने जुलैच्या मध्यावर संपणार होते.

*

बाळंतिणीच्या अंगावर त्या काळी पट्टी असायची. गळ्याखालच्या हाडाला लागून चिकटवलेली, नखाएवढी, कातडीच्या रंगाची. नाडीचा ठोका हृदयापासून पट्टीखालच्या कातडीपर्यंत किती वेळात पोहोचतो यावरून ती रक्तदाब काढायची, घामातली द्रव्यं तपासायची, श्वास मोजायची. बाळंतपणानंतर घरी गेलेल्या बाया पूर्वी रक्तस्रावानं किंवा आकडी येऊन दगावत आणि कुणाला वेळेवर कळत नसे. पट्टी आल्यापासून ते जवळपास थांबलं होतं. सानिकाचाच रक्तदाब बाराव्या दिवशी चढला, तेव्हा तिला स्वतःला कळायच्या आत इस्पितळाची गाडी दारात होती.

लाखो बायांच्या पट्ट्यांच्या नोंदी एकत्र झाल्या तेव्हा संशोधकांना एक वेगळीच गोष्ट दिसली. शरीर काय करतंय हे नोंदींवरून नुसतं कळतच नव्हतं, त्याला नावही देता येत होतं. बाळ अंगावर पीत असलं की आईच्या रक्तात ठरावीक द्रव्य वाढतं, श्वास मंदावतो, नाडी सैलावते. डोकं लावून काम करताना उलट होतं. नाडीचे ठोके एका मापाचे पडायला लागतात, श्वास उथळ होतो, कातडी किंचित ओलावते. झोप, बाळाची निगा, घरकाम, चिंता, मानसिक श्रम, असे पट्टीनं दिवसाचे तुकडे पाडले आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघाले.

त्यातून कायदा झाला. तोवर कंपन्या कागदावर रजा द्यायच्या आणि मागोमाग घरी काम पाठवायच्या. ओली बाळंतीण मांडीवर बाळ आणि समोर संगणकाचा पडदा घेऊन बसायची, बोलायची सोय नसायची. आता पट्टीनं ठरावीक मर्यादेपलीकडं मानसिक श्रम नोंदवला की जाब नोकरी देणाऱ्याला विचारला जाई. सानिकानं त्या कायद्यासाठी दोन वर्षं सह्या गोळा केल्या होत्या, मोर्चात भाषणही केलं होतं. कायदा पास झाला त्या दिवशी तिनं खात्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

*

बाळ, म्हणजे रेवा, पाच आठवड्यांची झाली तेव्हा पल्लवी घरी आली. इस्पितळानं सानिकाच्या जागी तात्पुरतं एक यंत्र बसवलं होतं. पडद्यावरची एक हसरी बाई वाक्यं म्हणून घ्यायची. आण्णा हेल काढून म्हणायला लागले की ती 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायची, कारण तिला साधं सपाट बोलणं बरोबर वाटायचं. दोन आठवडे हे चाललं, मग आण्णांनी तिच्यापुढं बसायचंच सोडलं. ते पाणीसुद्धा मागत नव्हते आता, उठून स्वतः घेत होते.

"मॅडम, तुमची रजा आहे, मला कळतंय," पल्लवी म्हणाली. "पण आठवड्यातून दोनदा, तासभर. आणि फुकट नको. फुकट असलं तर मला तोंड वर करून यायला जमायचं नाही."

सानिकानं विचार करून सांगते म्हटलं. खरं तर पल्लवी जिना उतरेपर्यंत तिचा विचार झाला होता. आठवड्याला दोन तास पट्टीच्या मर्यादेत बसतील, असा तिचा हिशोब होता. नवरा अभिनंदन जतकडं पवनचक्क्यांच्या देखभालीवर असायचा, शनिवारी घरी यायचा. त्याला तिनं फोन केला. फी घेऊन रजेत काम करणं नियमात बसत नाही याची त्यानं आठवण करून दिली, मग म्हणाला की तुला झेपत असेल तर कर. सासूबाई, सुजाताबाई, भाजी निवडत ऐकत होत्या. त्या तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या आणि समोरच्याचं ऐकून घेऊन मग आपलं बोलायची त्यांना सवय होती.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. आण्णा स्वच्छ पांढरा सदरा घालून यायचे, सोफ्यावर बसायचे आणि सानिकाकडं बघून एवढे हसायचे की तिला कसंतरीच व्हायचं. सुजाताबाई रेवाला आतल्या खोलीत घेऊन बसायच्या. पहिल्या पंधरवड्यात 'चहा' हा शब्द आला, 'बस' आला, मग 'पल्लवी' आला. स्वतःचं नाव ऐकून पल्लवी या वेळी रडली नाही, तिनं वडिलांना आणखी एकदा म्हणायला लावलं. सानिकालाही बाळंतपणानंतर पहिल्यांदा आपण कोण आहोत ते आठवल्यासारखं झालं. रेवावर तिचा जीव होता, पण दिवसभर कुणीतरी आपल्याला पितंय, झोपवून घेतंय, रडून बोलावतंय, यात ती कुठं तरी बुडून गेली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर ती वर यायची.

*

मे महिन्याच्या सुरुवातीला इस्पितळातून निरोप आला. कल्याण अधिकारी हेरवाडे मॅडमनी भेटायला बोलावलं होतं.

हेरवाडे मॅडम पन्नाशीच्या, मायाळू बाई होत्या. त्यांनी आधी बाळाचे फोटो पाहिले, मग पडद्यावर सानिकाच्या तीन आठवड्यांचा आलेख उघडला. फिकट हिरव्या पट्ट्यात सहा ठिकाणी केशरी खुंट उभे होते. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. प्रत्येक खुंटाखाली लिहिलं होतं, मानसिक श्रम, उच्च.

सानिकानं काही लपवलं नाही. रुग्ण कोण, कशासाठी, फी घेते, सगळं सांगितलं. फी घ्यायची नसेल तर चालेल का, असंही विचारलं.

"पट्टीला फी दिसत नाही गं," हेरवाडे मॅडम म्हणाल्या. "तिला तुझी नाडी दिसते."

मग रजा संपवून कामावर येते, असं सानिका म्हणाली. तेही जमत नव्हतं. दबाव आणून बायांकडून तसं लिहून घेतलं जाई म्हणून कायद्यानं स्वतःहून रजा सोडायची सोयच ठेवली नव्हती, आणि ज्यांचा रक्तदाब चढलेला असे त्यांना तर डॉक्टरचंही पत्र चालत नसे. पट्टी काढून ठेवली तर अर्ध्या तासात गाडी यायची. तिनं मंत्रालयाकडं अर्ज करता येईल का विचारलं. करता येत होता, उत्तराला चार महिने लागत होते. या प्रकरणात सानिकाला काही शिक्षा नव्हती. असा तिसरा ठपका इस्पितळावर आला की पुनर्वसन विभागाची मान्यता जाणार होती, म्हणजे तळमजल्यावरच्या सगळ्याच रुग्णांचे उपचार बंद.

"मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं," हेरवाडे मॅडम तिला दारापर्यंत सोडताना म्हणाल्या. "पण आता करू नकोस."

सानिकानं पल्लवीला शिकवून बघितलं. पल्लवी जीव तोडून करायची, पण आण्णा अडले की तिचा चेहरा पडायचा, तो बघून आण्णा आणखी अडायचे. एकदा तर त्यांनी हातातला पेला भिंतीवर मारला. मग त्यांनी माफी मागायचा प्रयत्न केला आणि तोही शब्द आला नाही.

*

वाट सापडली ती चुकून. आण्णा केवळ भेटायला म्हणून आले होते. रेवा भुकेली होती, सानिका शाल पांघरून तिला अंगावर घेऊन बसली. आण्णा अदबीनं खिडकीकडं तोंड करून बसले. बोलता बोलता ती त्यांना शब्द द्यायला लागली, ते मागून म्हणायला लागले, वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. भानावर आल्यावर तिनं घाबरून फोनवर पट्टीची नोंद बघितली. तिथं लिहिलं होतं, स्तनपान, शांत.

तिला कारण लगेच उमगलं. दूध उतरताना शरीर जे करतं त्याखाली डोक्याचं काम झाकलं जात होतं.

त्यानंतर मंगळवार-शुक्रवारचे तास रेवाच्या पिण्याला बांधले गेले. वीस मिनिटं एका बाजूला, वीस मिनिटं दुसऱ्या बाजूला. आण्णांची प्रगती आता डोळ्यांना दिसत होती. हेल हळूहळू आखडत होता, दोन शब्द जोडले जात होते. 'चहा नको.' 'ऊन फार.' जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीतून बाहेर बघत ते आपणहून म्हणाले, "बाजार... कसा... आहे?" हे वाक्य सानिकानं त्यांना दिलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या शेडमध्ये उभे होते तिथलं ते त्यांचं स्वतःचं होतं. ती थोपटायची थांबली. रेवानं पिणं थांबवून वर बघितलं.

दोन दिवस पुरेनात म्हणून चार झाले. पल्लवी पतसंस्थेत कामाला होती, वडिलांना सोडायला तिला साडेअकराच जमायचे, कधी बारा. रेवाला भूक साडेदहाला लागायची. तिला थोपवावं लागायचं. सानिका तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची, खुळखुळा वाजवायची, पाठ थोपटायची. रेवा मूठ तोंडात कोंबायची, मग रडायची, मग रडून दमायची. आण्णा येईपर्यंत ती इतकी थकलेली असायची की चार घोट घेऊन झोपायची. झोपलेल्या बाळाला सानिका तशीच अंगाशी धरून बसायची, गालाला बोटानं टोचून पुन्हा चोखायला लावायची, कारण चोखणं थांबलं की थोड्या वेळात आलेख केशरी व्हायला लागायचा.

सुजाताबाईंनी हे तीन आठवडे बघितलं. जूनच्या शेवटी एका सकाळी त्यांनी अंगणवाडीतला आपला जुना वजनकाटा कपाटावरून काढला, रेवाला झोळीत घालून तोलली आणि पाटीवर लिहावं तसा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला.

"महिन्यात दीडशे ग्रॅम," त्या म्हणाल्या. "पाचशे व्हायला पाहिजेत."

सानिका आलेखाबद्दल, आण्णांच्या उरलेल्या दोन आठवड्यांबद्दल काही सांगायला लागली.

"मला सगळं कळतंय, सानिका. पोरीला भूक लागलीया आणि तू घड्याळ बघतीस, एवढंच मी सांगतीया."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सानिकाला भांडता तरी आलं असतं. ती आत जाऊन रेवाला घेऊन बसली आणि रेवा पीत असताना फोनवर दिसणारे 'स्तनपान, शांत' हे शब्द बघून तिला रडू फुटलं. पट्टीनं ते 'चिंता, सौम्य' असं नोंदवलं.

त्या शनिवारी अभिनंदन आल्यावर तिघांनी बसून ठरवलं. रेवाला भूक लागेल तेव्हा पाजायचं, आण्णांना सकाळी साडेदहालाच आणायचं. अभिनंदननं दोन आठवडे सुट्टी टाकली आणि आण्णांना आणायची-सोडायची जबाबदारी घेतली. सुजाताबाईंनीही मान डोलावली. सगळं नीट बसत होतं. फक्त दोन आठवडे काढायचे होते.

सोमवारी पट्ट्यांना नवी आवृत्ती मिळाली. ती दर तिमाहीला मिळायची. देशभरातल्या बायांच्या नोंदींवरून पट्टी शिकत असे, आणि सानिकासारख्या अनेक जणींनी आपापल्या घरी तीच वाट शोधून काढलेली होती. आता पट्टीला दूध पाजणं आणि दूध पाजताना काम करणं यातला फरक कळत होता. तिनं मागच्या नोंदीही पुन्हा चाळल्या. मंगळवारी सकाळी हेरवाडे मॅडमचा फोन आला तेव्हा सानिकाच्या नावावर एकोणीस केशरी खुंट उभे होते.

इस्पितळानं आपल्या परीनं सांभाळून घेतलं. सानिकाचा पगार चालू राहिला, नोकरी राहिली, रजाही राहिली. विभागाची मान्यता वाचवायची म्हणून तिचा उपचाराचा परवाना रजा संपेपर्यंत गोठवला गेला, आणि रजेवरच्या आईकडून पुन्हा उपचार घेतले तर आण्णांची सरकारी उपचार-सवलत रद्द करू, अशी नोटीस पल्लवीला गेली. सवलतीतच आण्णांची रक्त पातळ ठेवणारी औषधं होती. ती थांबली तर दुसरा झटका यायला वेळ लागला नसता.

पल्लवी एकटीच आली. चपलाही न काढता उंबऱ्याशी उभी राहिली. आण्णा खाली गाडीत बसलेत, म्हणाली, वर येतो म्हणून हट्ट करत होते, मी काच लावून आले. सानिका गॅलरीत गेली. खाली गाडीच्या बंद काचेआड आण्णा वर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्या मजल्यावरून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तिनं हात वर केला, आणि त्याच वेळी तिला पट्टीची जाणीव झाली, हात खाली आला.

*

डिसेंबरमध्ये सानिका कामावर रुजू झाली. पट्टी निघाली होती, तिथली कातडी थोडी फिकी पडली होती. रेवा बसायला लागली होती, वजन वयाच्या मानानं ठीक होतं. पहिल्याच दिवशी तिनं यादी मागवून आण्णांना बोलावलं.

आण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात आले. पल्लवी उत्साहात होती. जुलैनंतर दुसरा मार्गच उरला नाही म्हणून तिनं त्यांना रोज यंत्रापुढं बसवलं होतं, आणि हळूहळू ते बसायला लागले होते. आता त्यांना बेचाळीस वाक्यं येत होती. यंत्राच्या अहवालात तसा आकडाच होता. मला तहान लागली आहे. मला औषध घ्यायचे आहे. कृपया दार उघडा. अडखळणं जवळपास नव्हतं. आवाज एकसारखा, सपाट, पडद्यावरच्या बाईसारखा.

सानिकानं खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. आण्णांनी तिच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड उघडलं, मान थोडी वर केली, काहीतरी आतून वर येतंय असं दिसलं.

"नमस्कार," आण्णा म्हणाले. "आज आपण कसे आहात?"

आणि लगेच त्यांनी जोरजोरात मान हलवली. ते नव्हतं म्हणायचं त्यांना. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा सगळा जीव एकवटला.

"आज आपण कसे आहात?"

तिसऱ्यांदाही तेच आलं. सानिकानं पुकाऱ्याचा हेल लावून बघितला, हळू आवाजात, त्यांच्या कानाशी. आण्णा लक्ष देऊन ऐकत राहिले, एखाद्या परक्या मुलखातलं गाणं ऐकावं तसे. मग त्यांनी आपला अधू हात तिच्या हातावर ठेवला आणि दोनदा थोपटला.

"खूप सुधारणा आहे ना, मॅडम?" पल्लवीनं मागून विचारलं.

"हो," सानिका म्हणाली, आणि पुढच्या मंगळवारची वेळ लिहून दिली.